तिसऱ्या बटणाचा कोट

अजमान,
शुक्रवार दुपार

प्रिय कासिमचाचा,

अक्षर मुद्दाम मोठं काढतेय. तुमची शाळा उर्दूतली, तीही सातवीपर्यंतच. मराठी बोलायचात फडाफडा, पण वाचताना एकेक अक्षर सुईत ओवल्यासारखं वाचायचात. तेव्हा सावकाश वाचा. आता तुम्हाला कसली घाई आहे?

तुम्ही गेल्याला चार महिने झाले. बातमी कळली त्याच दिवशी लिहायला हवं होतं, पण लिहिणार काय? दोन वर्षांपूर्वी तुम्ही अजमान कायमचं सोडून दाभोळला निघालात, तेव्हा आमच्या दारात निरोप घ्यायला आला होतात. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिले. माझ्या नवऱ्याला, सुधाकरला म्हटलं, डोकं दुखतंय म्हणून सांग. डोकं अजिबात दुखत नव्हतं, आणि ते तुम्हालाही कळलं असणार. त्या एका निरोपापायी चार महिने पेन हातात धरवत नव्हतं.

आज सकाळी मात्र असं काही घडलं की आता नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही. सांगतेच. पण आधी मला तुमच्या दुकानात येऊन बसू द्या. दुपार आहे, खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. हीच आपली वेळ होती ना?

एक वाजला की अजमान झोपायचं. समोरचा भाजीवाला शटर ओढायचा, कॅफेटेरियातला टीव्ही गप्प व्हायचा. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरचं तुमचं दुकान तेवढं अर्धं उघडं असायचं. पडदा बाजूला सारलेला आणि एसी कुरकुरत चाललेला. काचेच्या बाहेरच्या अंगाला दमटपणाचं पाणी ओघळत असायचं, त्यामुळे बाहेरचं सगळं वितळल्यासारखं दिसे. त्या काचेतून पायघोळ पांढरा कंदुरा घातलेला एखादा अरब म्हातारा गेला तरी मला वाटायचं, हा खाडीकडे निघालाय की माझ्या कादंबरीतून बाहेर पडलाय? तीन वर्षांतल्या त्या दुपारी मला अजून स्वप्नात पाहिल्यासारख्या आठवतात. स्वप्नात कसं, माणसं बोलतात आणि शिलाई मशीनही चालू असतं, तरी गोंगाट म्हणून होत नाही.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती लग्नानंतर पाचव्या दिवशी. मिरजेहून थेट आखातात, अजमानला, हातावरची मेंदीही उतरली नव्हती. सुधाकरनंच आणलं, म्हणाला, चाचांना भेटायचं असतं. तुम्ही गळ्यातला टेप काढून माझं माप घेतलंत आणि मोठ्या वहीत उर्दूत काहीतरी लिहिलंत. आठवड्याने मोरपंखी ब्लाऊज हातात ठेवलात. मी किंमत विचारली, तर म्हणालात, "नव्या नवरीकडून मी घेत नाय. आहेर समज."

मी किती भारावले! आईला त्याच रात्री पत्र लिहिलं की इथे एक मुसलमान चाचा आहेत, माहेरच्या माणसासारखे. आता हसू येतं, आणि रागही. कारण चाचा, पुण्याला एम.फिल.च्या प्रबंधासाठी मी जे प्रकरण अर्धं लिहून ठेवलं होतं, त्याचा विषयच हा होता! तीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच कादंबऱ्यांत एखादी बाई नवा झगा भेट म्हणून घेते, तेव्हा देणाऱ्याला त्या बदल्यात काय हवं असतं? वीस पानं खरडली होती त्यावर. आणि स्वतःला ब्लाऊज मिळाला तर एक प्रश्न पडला नाही. शिकलेल्या बाईचं शहाणपण असं पुस्तकातच राहतं.

एम.ए. फ्रेंच, आणि तुमच्याकडे काजं-बटणं करायला बसले. घरात दिवसभर एकटी बसून भिंती खायला उठायच्या, म्हणून मीच विचारलं होतं. तुम्ही हमरिया फ्री झोनमधल्या कंपन्यांच्या वर्द्या शिवायचात. त्यातल्या ऑफिसवाल्यांच्या पांढऱ्या शर्टांची बटणं माझ्याकडे. पहिल्या दिवशी तुम्ही माझी बटणं ओढून बघितलीत, तिनातली दोन हातात आली. मग दोरा तेवढा पुढे सरकवलात.

मग एकदा तुम्ही विचारलंत, रोज बरोबर आणतेस ती जाडी वही कसली? आणि मी सुरू झाले. त्या वेळी थांबवायचं होतंत मला!

मी सांगितलं की त्या कादंबऱ्यांतला सरदार कुठल्याही वस्तूची किंमत विचारत नाही. विचारली की तो वाण्याच्या पंगतीत बसला. खिशात दमडी नसली तरी गाडीवानाकडे तो अख्खी थैली फेकणार. त्याच्या उलट व्यापारी. पैसा उदंड, पण फेकायचा कसा ते येत नाही, म्हणून सगळे त्याला हसतात. त्याची बायको सरदारणीसारखं मखमल घालून चर्चमध्ये जाते आणि पुढच्या रांगेतल्या बायका नाकं मुरडतात. कुणी सोन्याची किनार लावायची, कुणी रेशीम नेसायचं, याचे राजाने हुकूम काढलेले. गावोगावच्या खाणावळीचा मालक दारात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही, कोटाच्या बटणांकडे बघतो आणि त्यावरून ठरवतो की याला माडीवरची खोली द्यायची की तबेल्याशेजारची.

तुम्ही कात्री खाली ठेवलीत आणि टेबलावरच्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलंत. निळे कव्हरॉल हेल्परचे, करडे वेल्डर-फिटरचे, पांढरे शर्ट ऑफिसचे. "इथं तरी काय निराळं आहे?" म्हणालात. "कपडा एका ताग्याचा असला तरी रंग बदलला की बसमधली सीट बदलते. तुझा राजा हुकूम काढायचा, इथं कंपनी काढते. चालू दे तुझं."

त्यानंतर रोज दुपारी तेच. मी सांगायची आणि तुम्ही आपल्या माणसांत त्याची जोडी शोधायचात. थैली फेकणारा सरदार ऐकून तुम्हाला तुमच्याच खोलीतला एक गवंडी आठवला. इथे चहा अर्धा-अर्धा करून पिणारा हा माणूस, दोन वर्षांनी गावी गेला की रिक्षावाल्याकडून सुटे परत घ्यायचा नाही. तीस दिरहमचं अत्तर, म्हणजे तीनशे रुपयांचं, भाच्याच्या मित्राला देऊन टाकायचा! महिनाभर सरदार, आणि मग परत येऊन अर्धा चहा. मी हसले, तर तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, तो एक महिना नसता तर बाकीचे तेवीस त्यानं काढले नसते. हे मी वहीत लिहून घेतलं. पुण्याच्या माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक बाईंनी शिकवलेल्या कुठल्याही वाक्यापेक्षा ते मला जास्त उपयोगी पडलं.

हुंड्याचंही तसंच. किती हुंड्याला कुठल्या दर्जाचा नवरा, हे त्या कादंबऱ्यांतल्या आयांना तोंडपाठ असतं, असं मी सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, यासाठी फ्रान्सला कशाला जायला हवं?

आणि तोतयांच्या गोष्टी! त्या तुम्हाला फार आवडायच्या. मालकाचा उतरलेला कोट चढवून नोकर शहरात येतो, लोक त्याला खानदानी समजतात, थेट लग्नापर्यंत गोष्ट जाते. अशा किती गोष्टी मी तुम्हाला सांगितल्या असतील. एकदा तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. न बघताच विचारलंत, "मग त्या पोरीला कळतं, तेव्हा ती काय करते?"

मी बटण लावता लावता म्हटलं, "माफ करते, चाचा. नाहीतर कादंबरी संपणार कशी?"

तुम्ही तो दोरा चारदा ओवायला गेलात आणि चारदा चुकलात. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

आणखी एक दुपार माझ्या मनातून जात नाही. रेवा पोटात होती, सातवा महिना. तुम्ही विचारलंत, "तुझ्या त्या सगळ्या गोष्टींत कोट, झगे, किनारी. शिंपी कुठं आहे?" आहे की, मी म्हटलं. तो सकाळी दारात येतो. नोकर त्याला सांगतो, साहेब झोपलेत, साहेबांचं डोकं दुखतंय, उद्या या. वाचणारे हसतात आणि तो निघून जातो. तुम्ही विचारलंत, त्याचं नाव काय?

मी वही चाळली. चाचा, खरं सांगते, सबंध वही चाळली. कुत्र्यांना नावं होती, घोड्यांना होती. शिंप्याला एकाही पुस्तकात नव्हतं. आणि पाच वर्षं त्या कादंबऱ्या वाचूनही मला तोपर्यंत ते दिसलं नव्हतं!

तुम्हाला त्यात नवल वाटलं नाही. म्हणालात, "तू लिहिशील तेव्हा घाल एक नाव." मग लगेच दुसराच विषय काढलात की परीक्षा तोंडी असते का. मी म्हटलं, हो, तीन-चार मोठे लोक समोर बसतात. तर म्हणालात, मग कोट घालून जा, साडीवरून, वकीलबाई घालतात तसा. खाणावळीवाला काय आणि प्रोफेसर काय, बटणं बघणारच. मी विचारलं, मला कोण शिवून देणार कोट? तर म्हणालात, "का? मी काय मेलोय?"

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते माझ्या तोंडानं सांगायचंय. रेवा दीड वर्षाची होती. तुम्ही नमाजाला गेला होतात आणि मला खडू सापडत नव्हता. खालच्या खणात खजुराचा पत्र्याचा डबा दिसला. उघडला तर आत फोटो. दोन दुकानं सोडून जो फोटो स्टुडिओ होता, त्यातलेच सगळे. मागे तोच रंगवलेला बगीचा, तोच कठडा. एकामागून एक पुरुष, सगळे कोट-टायमध्ये, सगळे थोडे घाबरलेले. पाच-सहा बघून झाल्यावर माझं लक्ष गेलं की कोट एकच आहे. गडद निळा, आणि वरून तिसरं बटण वेगळं. बाकीची काळी, ते एक पितळी.

ते पितळी बटण मी ओळखत होते हो! लग्नाआधी चार महिने सुधाकरचा फोटो माझ्या वहीत खुणेसारखा होता. तेव्हा त्याच बटणावर मी भाळले होते. वाटायचं, काय माणूस आहे, मुद्दाम एकच बटण वेगळं लावतो, याला काही रसिकता आहे! बटणांवर प्रकरण लिहिणारी मी, आणि हरवलेल्या बटणाच्या जागी लावलेलं बटण मला रसिकता वाटली.

डब्यात सतरा फोटो होते. नववा सुधाकर.

बायोडेटात 'मॅनेजर' लिहिलं होतं आणि इथे आल्यावर तो स्टोअरकीपर निघाला, ते मी केव्हाच पचवलं होतं. स्थळ आणणारी मावशी म्हणजे राईचा पर्वत करणारी बाई. पण फोटो खोटं बोलत नाही, अशी माझी समजूत होती. फोटो काढला तेव्हा तो स्टोअरकीपरही नव्हता. निळ्या कव्हरॉलमधला हेल्पर होता, हे त्या दिवशी कळलं.

त्याला मी संध्याकाळी विचारलं. तो बराच वेळ बूट काढत बसला. मग म्हणाला, "कोट माझा नव्हता. पण हसतोय तो मीच आहे. आणि घाम बघ किती आलाय, मला वाटलं तुला त्यावरूनच कळेल." चाचा, त्याच्यावर मला फार वेळ रागावता आलं नाही. तुमच्यावर मात्र आलं.

तुमच्यावर का? कारण तुम्ही तीन वर्षं माझ्याकडून उसन्या कोटांच्या गोष्टी ऐकत होतात. हसत होतात, पुढे काय म्हणून विचारत होतात. आणि तो कोट माझ्या पाठीमागे, खुंटीवर, पांढऱ्या कापडात गुंडाळून! दुसऱ्या दिवशी मी डबा तुमच्यापुढे ठेवला आणि विचारलं, तो ब्लाऊज आहेर होता की दंड?

तुम्ही खोटं बोलू शकला असतात. बोलला नाहीत. "दंडच," म्हणालात. "ज्या पोराला लग्न जमवायच्या फोटोला कोट दिला, त्याची नवरी इथं आली की तिला एक कपडा शिवून द्यायचा. सतरा कोट, पण पोरी आल्या फक्त चार. बाकीच्या गावीच राहिल्या, त्यांचं माप मला कोण देणार?" आणि मग हळूच म्हणालात, "कोट खोटा नव्हता, मंदा. पोरगाही खोटा नव्हता. दोघं एकमेकांचे नव्हते, एवढंच."

मला ते ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या सतरा कोटवाल्यांच्या बायकांपैकी मी एकटी शिकलेली होते, आणि सगळ्यात मूर्ख मीच ठरले. मी सुई पिनकुशनला टोचली, वही उचलली आणि जिना चढून वर आले.

ती परत दुकानाची पायरी चढले नाही. तीन वर्षं. एकाच इमारतीत! दळण, दूध, रेवाची शाळेची बस, सगळं तुमच्या दारावरून. तुम्ही काचेआडून मान हलवायचात, मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. प्रबंधाची वहीही बांधून माळ्यावर टाकली. सुधाकर समजावायचा, तर मी त्यालाच सुनावायची की चोराच्या उलट्या बोंबा. तो बिचारा गप्प बसायचा. तोच चोर होता ना!

मग तुमचा व्हिसा संपला. वय झालं, खलास. आणि तुम्ही दारात आलात.

आतल्या खोलीत मला सगळं ऐकू येत होतं. सुधाकरनं तुम्हाला सांगितलं, तिचं डोकं दुखतंय. तुम्ही म्हणालात, झोपू दे तिला.  आणि मग तुम्ही एक चमत्कारिक प्रश्न विचारलात: "तिचं माप तेच आहे ना अजून?" सुधाकर हसला, म्हणाला, असेल की. मला पलंगावर बसल्या बसल्या संताप आला. म्हटलं, जाता जाताही दुसरा ब्लाऊज! दुसरा दंड!

तुमची पावलं जिन्यात वाजेनाशी झाली, आणि त्यानंतर माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. शिंपी दारात आला आणि मी आतून निरोप पाठवला की डोकं दुखतंय. तुमच्यामाझ्या सगळ्या गोष्टींतल्या उर्मट साहेबाचं वाक्य, शब्दाला शब्द. मी गॅलरीत धावले. टॅक्सी वळणावर पोहोचली होती. चाचा, तुम्ही मागे वळून पाहिलंत का? मला एवढंच अजून विचारायचं असतं.

आता आजची गोष्ट.

परवा तुमचे जावई रफिकभाई सुट्टीवरून परतले आणि एक लांब पिशवी देऊन गेले. प्लास्टिकमधून गडद निळा रंग दिसला आणि तिसरं पितळी बटण. "मामूंनी शेवटी-शेवटी हेच हातात धरलं होतं," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी. बोलले, सामान मंदाचं आहे." मी पिशवी उघडलीसुद्धा नाही. दाराच्या मागे अडकवून टाकली. वाटलं, मरता मरता टोमणा मारलात! ज्या कोटानं मला फसवलं तोच कोट मला वारसा म्हणून!

त्यात तीन आठवड्यांपासून बाईंची ईमेल पडून आहे. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. नव्यानं नाव नोंदवून प्रबंध पुरा करणार असशील तर आता कळव, नाहीतर राहिलंच, असं त्यांनी लिहिलंय. इतक्या वर्षांचं हे भिजत घोंगडं! रोज उत्तर लिहायला बसते आणि रोज कंप्युटर बंद करते.

आज सकाळी सुधाकरच्या कंपनीतला संतोष आला. वेल्डर आहे, खेडजवळचा, तीस-एक वर्षांचा. घरच्यांनी मुलगी पाहिलीय, त्यांना फोटो हवाय. सुधाकरनं त्याला कबूल केलं होतं, चाचांचा कोट आमच्याकडे आलाय, ये. मला न विचारता! मी स्वयंपाकघरातून सुनावलं की या कोटानं आणखी एका पोरीचा संसार मांडायचा आहे का? संतोषनं सगळं ऐकलं. दारातच उभा राहिला, म्हणाला, "वहिनी, नको असेल तर राहू दे. मी जातो."

दारात उभा असलेला माणूस, चाचा. मी दुसऱ्यांदा परत नाही पाठवू शकले.

मी पिशवी उघडली. संतोषनं उजवा हात बाहीत घातला, डावा जाईना. खांद्यावर अडलं. सुधाकर ओढून बघतोय, संतोष श्वास रोखून उभा. आम्हाला वाटलं पोरगा धिप्पाड आहे म्हणून. तेवढ्यात रेवा समोर येऊन उभी राहिली. ती इथलीच, शाळेतला युनिफॉर्म रोज स्वतः घालणारी. म्हणाली, "आई, इट्स नॉट अ मॅन्स कोट. द बटन्स आर ऑन द अदर साइड."

मी कोट हातात घेतला. खांदे उसवून आत घेतलेले, मुंडे नव्यानं कापलेले, छातीला नव्या चुण्या, बाह्या आखूड. डावीकडची जुनी काजं पुरी बंद करून बटणं त्या बाजूला, नवी काजं उजवीकडे. आतलं अस्तर मोरपंखी, चाचा, माझ्या त्या ब्लाऊजच्या रंगाचं! कुठे कुठे टाका वाकडा गेलाय. तुमचा टाका कधी वाकडा जायचा नाही.

मी तो घरातल्या गाऊनवरच चढवला. असा बसला की जणू कालच माप घेतलंत. रेवा म्हणाली, "यू लुक लाइक अ प्रिन्सिपल." सुधाकर खाली बसला आणि रडायला लागला.

सतरा जणांचा कोट. आता तो कुठल्याच पुरुषाला होणार नाही. तुम्ही तो उसना द्यायचाच बंद करून टाकलात, आणि जिला देऊन टाकलात तिचं माप आधी दारात येऊन विचारून गेलात. आणि मी तो प्रश्न दंड समजले! दीड वर्ष तुम्ही डोळे फोडून उसवत होतात आणि शिवत होतात, आणि मी दोन ओळींचं पत्र टाकलं नाही. मला माफ करा, असं कसं म्हणू? त्या दुपारी कादंबरीच्या पोरीनं माफ करायचं असतं, असं किती सहज म्हणून गेले होते मी. तुम्ही इतकी वर्षं त्याच उत्तराची वाट बघत होतात. चाचा, माफ केलं. उशीर झाला, फार उशीर झाला, पण केलं. आणि तुम्ही मला केलंत, हे अस्तर बघून कळलं.

संतोषचं काय झालं, तेही विचाराल. त्यानं त्याचं करडं कव्हरॉल घातलं. मी इस्त्री करून दिलं. कॉलर उलटली तर आत तुमची निळ्या दोऱ्याची खूण, तुम्ही प्रत्येक वर्दीला घालायचात ती. मी सांगितलं, "फोटोत घाबरू नकोस, हा कोट तुझाच आहे." स्टुडिओ दुपारच्या नमाजानंतर उघडतो, आत्ता तो तिथेच गेलाय. पोरगी हो म्हणेल की नाही कुणास ठाऊक. पण म्हणालीच, तर वेल्डरलाच म्हणेल. आणि ती इथं आली तर तिचा पहिला ब्लाऊज मी शिवेन. दंड म्हणून नव्हे.

बाईंना मघाशीच उत्तर पाठवलं. नाव नोंदवतेय. माळ्यावरची वही सुधाकरनं काढून दिली आहे, समोर आहे, तिला अजून तुमच्या खडूचा वास येतो. यावेळी प्रबंधाची सुरुवात सरदारापासून करणार नाही. सकाळी दारात उभ्या असलेल्या शिंप्यापासून करेन. त्या कादंबऱ्यांत त्याला नाव नाही, ते मी घुसडू शकत नाही, पण अर्पणपत्रिका माझी असते, तिथे मला कुणी अडवणार नाही. पूर्ण नाव घालीन, बापाच्या नावासकट, दाभोळसकट, 'शिंपी' या शब्दासकट. आणि तोंडी परीक्षेला साडीवरून हाच कोट घालून जाईन. बघू देत बटणं. कुणी विचारलंच, तिसरं वेगळं का, तर सगळं सांगेन, पहिल्यापासून.

तुम्ही तेव्हा दारातूनच परत गेलात. आता या. डोकं दुखत नाही माझं.

तुमच्याच मापाच्या वहीतली,
मंदा